छंदाच्या संकेतस्थळाला दिलेले साहित्य कोणाच्या मालकीचे? नव्या सदस्यांसाठी मार्गदर्शन

पक्षी, नाणी, जुने कॅमेरे, रेल्वेची इंजिने, विणकामाचे नमुने अशा एकेका छंदाला वाहिलेली संकेतस्थळे सदस्यांनी स्वखुशीने दिलेल्या छायाचित्रांवर, नोंदींवर आणि वर्णनांवर उभी असतात. नवा सदस्य खाते उघडताना ‘अटी मान्य’ या चौकटीत खूण करतो आणि कामाला लागतो. त्या एका खुणेने आपण काय दिले आणि काय राखून ठेवले, हा प्रश्न त्याला बहुधा आपले छायाचित्र भलतीकडेच छापलेले दिसल्यावर किंवा संकेतस्थळ विकले गेल्याची बातमी आल्यावर पडतो. तोवर उशीर झालेला असतो. म्हणून पहिली नोंद करण्यापूर्वीच काय तपासावे, हे येथे क्रमाने मांडले आहे. मालकी बहुतेक वेळा देणाऱ्याकडेच राहते, हे खरे आहे. पण त्याने दिलेली परवानगी किती व्यापक आहे आणि सर्वांच्या योगदानातून उभा राहिलेला संग्रह कोणाच्या ताब्यात आहे, या दोन गोष्टी मालकीइतक्याच, कित्येकदा तिच्याहूनही अधिक महत्त्वाच्या ठरतात.

पायरी १ : आपण काय देत आहोत, ते वेगवेगळे करून पाहा

एकाच नोंदीत निरनिराळ्या प्रकारचे साहित्य मिसळलेले असते आणि कायदा त्या प्रत्येकाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. कॉपीराइट म्हणजेच प्रताधिकार हा माहितीला किंवा कल्पनेला मिळत नाही, तो मांडणीला मिळतो. नाण्याचे वजन, पक्षी दिसल्याची तारीख, इंजिनाचा क्रमांक ही तथ्ये आहेत आणि तथ्यांवर कोणाचीही मालकी नसते. त्याच नाण्याचे तुम्ही नीट प्रकाश योजून काढलेले छायाचित्र आणि त्याच्या इतिहासावर स्वतःच्या शब्दांत लिहिलेले परिच्छेद मात्र तुमचे असतात. त्यासाठी कोठे नोंदणी करावी लागत नाही. १८८६ च्या बर्न कराराच्या व्यवस्थेनुसार, जिच्यात आज १८० हून अधिक देश आहेत, निर्मिती होताच हक्क निर्माण होतो. अमेरिकेसारख्या देशात तेथील कृतींबाबत न्यायालयात दावा लावण्यापूर्वी नोंदणी लागते, पण ती दाव्यासाठी लागते, हक्क निर्माण होण्यासाठी नव्हे.

तथ्यांच्या नोंदी करणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे, कारण त्यांची बाजू सर्वांत दुबळी असते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एका टेलिफोन निर्देशिकेच्या खटल्यात असे ठरवले की केवळ कष्ट घेतले म्हणून प्रताधिकार मिळत नाही, थोडी तरी स्वतंत्र निर्मिती त्यात असावी लागते. म्हणजे एखाद्याने वर्षानुवर्षे हजारो नोंदी अचूक भरल्या, तरी त्या सुट्या नोंदींवर त्याचा हक्क उभा राहत नाही. दुसरीकडे युरोपीय संघाने १९९६ च्या निर्देशाने माहितीसंग्रह उभारण्यासाठी भरीव गुंतवणूक करणाऱ्याला १५ वर्षांचा स्वतंत्र हक्क दिला आहे आणि गुंतवणूक करणारा म्हणजे बहुधा संकेतस्थळाचा चालक. नोंद करणाऱ्याच्या हाती काही नाही आणि संग्रहाचा हक्क चालकाकडे, अशी विषम स्थिती यातून तयार होऊ शकते. अशा सदस्याचे रक्षण प्रताधिकार करत नाही. ते संकेतस्थळाच्या अटींनी आणि संग्रह खुला आहे की नाही यानेच होते.

दुसऱ्याच्या मजकुरात केलेल्या दुरुस्त्या हा आणखी एक प्रकार आहे. शुद्धलेखन सुधारल्याने कोणी सहलेखक होत नाही, पण नवा परिच्छेद घातला तर तेवढा भाग घालणाऱ्याचा होतो. अनेकांनी मिळून घडवलेल्या नोंदीत प्रत्येकाचा वाटा वेगळा काढणे पुढे अशक्यप्राय होते. म्हणून बदलांचा इतिहास जपून ठेवणारी व्यवस्था संकेतस्थळावर आहे का, हे आधीच पाहून ठेवावे, कारण श्रेय कोणाचे याचा तोच एक पुरावा असतो.

पायरी २ : जे देणार आहात ते खरोखर तुमचे आहे का

जवळपास प्रत्येक संकेतस्थळाच्या अटींत असे वचन असते की सदस्य देत असलेले साहित्य त्याचे स्वतःचे आहे किंवा ते देण्याची परवानगी त्याच्याकडे आहे. काही ठिकाणी, हे वचन खोटे ठरल्यास चालकाला होणाऱ्या नुकसानीची भरपाईही सदस्याकडे येते. म्हणून जुन्या सूचिपत्रकाचे पान स्कॅन केले, एवढ्याने ते आपले होत नाही. छायाचित्रात आपण असलो तरी त्याचा हक्क साधारणपणे ते टिपणाऱ्याचा असतो, आणि नोकरीचा भाग म्हणून केलेले काम अनेक देशांत मालकाचे ठरते. ‘जुने आहे, म्हणजे आता कोणाचेच नाही’ ही समजूतही धोक्याची आहे. बर्न करारातील सर्वसाधारण किमान मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे आहे आणि पुष्कळ देशांत ती ७० वर्षे आहे. परवानगी घेतली असेल तर ती लेखी घ्यावी आणि तिची प्रत जपावी.

पायरी ३ : अटींचे कलम शब्दाशब्दाने वाचा

सगळ्या अटी वाचणे जड जात असेल, तर ‘सदस्यांचे साहित्य’, ‘योगदान’ किंवा ‘बौद्धिक संपदा’ अशा मथळ्याखालील कलम तरी पूर्ण वाचावे. पहिले पाहायचे ते हे की सदस्य मालकी हस्तांतरित करतो आहे की केवळ वापराचा परवाना देतो आहे. हस्तांतरण केले तर स्वतःचेच छायाचित्र स्वतःच्या पुस्तकात छापायलाही दुसऱ्याची संमती लागू शकते. परवान्यात मालकी तुमच्याकडेच राहते. हस्तांतरणाला कागदावर सही लागते, त्यामुळे बटण दाबल्याने काही बिघडत नाही, असे समजून कोणी निश्चिंत राहू नये. अमेरिकेतील एका अपील न्यायालयाने २०१३ मध्ये घरांच्या छायाचित्रांसंबंधीच्या खटल्यात, अटी मान्य करून छायाचित्र चढवणे ही हस्तांतरणासाठी पुरेशी इलेक्ट्रॉनिक सही होऊ शकते, असा निर्णय दिला आहे. छंदाच्या संकेतस्थळाला मालकीचे हस्तांतरण मागण्याचे सबळ कारण क्वचितच असते, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि जेथे ते मागितले जाते तेथे महत्त्वाचे साहित्य देऊ नये.

मग परवान्याची विशेषणे पाहावीत. ‘अनन्य नसलेला’ हे शब्द असणे चांगले, कारण त्यामुळे तेच साहित्य इतरत्र देण्यास तुम्ही मोकळे राहता. ‘जगभर’ आणि ‘मोबदल्याशिवाय’ हे शब्द दिसले म्हणून घाबरू नये. संकेतस्थळ जगभर दिसते, आणि छायाचित्राची छोटी प्रत करणे, सर्व्हरवर ते साठवणे, सुरक्षित प्रती ठेवणे या साध्या तांत्रिक कामांनाही परवानगी लागतेच. काळजी करण्याजोगे शब्द पुढे येतात. ‘कायमचा व परत न घेता येणारा’ म्हणजे तुम्ही खाते बंद केले तरी परवाना चालूच राहील. ‘उपपरवाना देण्याचा हक्क’ म्हणजे चालक ती परवानगी तिसऱ्याला देऊ शकेल, मग तो तिसरा जाहिरातदार असो, प्रकाशक असो वा यंत्रशिक्षणासाठी, म्हणजे संगणकाला उदाहरणांतून शिकवण्यासाठी, माहिती विकत घेणारी कंपनी असो. ‘हस्तांतरणीय’ म्हणजे संकेतस्थळ विकले गेल्यास परवानाही खरेदीदाराकडे जाईल. ‘कोणत्याही हेतूसाठी’ आणि ‘संकेतस्थळ चालवण्यासाठी व त्याच्या प्रसारासाठी’ या दोन शब्दयोजनांत फार मोठे अंतर आहे. पहिलीत तुमचे छायाचित्र विक्रीच्या दिनदर्शिकेवरही येऊ शकते, दुसरीत तसे करायला चालकाला तुम्हाला पुन्हा विचारावे लागेल.

अटी पुढे बदलता येतील, असे कलम बहुतेक ठिकाणी असते. म्हणून खाते उघडताना त्या दिवशीच्या अटींची तारखेसह एक प्रत साठवावी. बदलाची सूचना आली तर जुन्या साहित्यालाही नवी अट लागू होते का, एवढे एकच वाक्य तिच्यात शोधावे. बाकीची सूचना सवडीने वाचली तरी चालते.

मोबदल्याबद्दल एक कटू पण उपयोगी दाखला येथे देणे गरजेचे आहे. अमेरिकेतील हफिंग्टन पोस्ट हे संकेतस्थळ २०११ मध्ये ३१.५ कोटी डॉलरना विकले गेले, तेव्हा त्यावर विनामोबदला लिहिणाऱ्यांनी विक्रीच्या रकमेतील वाटा मागितला. न्यायालयाने २०१२ मध्ये तो दावा फेटाळला, कारण पैसे मिळणार नाहीत हे लिहिणाऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. छंदाच्या संकेतस्थळाला वाहून घेणाऱ्याने हे जाणूनच द्यावे की आपल्या श्रमांची किंमत दुसऱ्याच्या खात्यात जमा होऊ शकते. ते मान्य नसेल, तर पुढची पायरी अधिक बारकाईने पाहावी.

पायरी ४ : जगाला कोणता परवाना दिला जातो, ते तपासा

आतापर्यंतचा परवाना सदस्याने चालकाला दिलेला होता. अनेक छंदांच्या संकेतस्थळांवर दुसराही परवाना असतो, तो साऱ्या जगाला दिलेला असतो. क्रिएटिव्ह कॉमन्स संस्थेने २००२ पासून प्रसिद्ध केलेले परवाने येथे सर्रास वापरले जातात. त्यांत केवळ श्रेय मागणारा परवाना सर्वांत मोकळा आहे. ‘समान वितरण’ जोडले तर बदल करून पुढे देणाऱ्यालाही तोच परवाना ठेवावा लागतो. ‘अव्यावसायिक’ आणि ‘बदल नको’ ही आणखी दोन बंधने जोडता येतात. सीसी झीरो या पर्यायात देणारा कायद्याने शक्य तेवढे सगळे हक्क सोडतो, श्रेयाची अटसुद्धा ठेवत नाही.

निवड करताना दोन गोष्टी ध्यानात असाव्यात. हे परवाने एकदा दिले की परत घेता येत नाहीत. उद्यापासून तुम्ही ते साहित्य त्या परवान्याखाली देणे थांबवू शकता, पण ज्याने आज घेतले त्याचा हक्क अबाधित राहतो. दुसरे असे की प्रत्येक बंधनामुळे साहित्याची वाट कोठेतरी अडते. उदाहरणार्थ, निसर्गातील निरीक्षणे नोंदवण्याच्या आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर सदस्य आपल्या निरीक्षणांचा परवाना स्वतः निवडू शकतो. मात्र तेथील नोंदी जीबीआयएफ या जागतिक जैवविविधता माहितीजालाकडे जातात, त्या फक्त सीसी झीरो, श्रेय आणि श्रेय-अव्यावसायिक या तीन पर्यायांतल्या. सगळे हक्क राखून ठेवलेली निरीक्षणे त्या वाटेने संशोधकांपर्यंत पोहोचत नाहीत. तसेच ‘अव्यावसायिक’ छायाचित्र विकिपीडियाच्या सामाईक चित्रभांडारात घेतले जात नाही. माझा सल्ला असा, की तथ्यांच्या नोंदींना शक्य तितका मोकळा परवाना द्यावा, सामाईक लेखनाला ‘समान वितरण’ द्यावे, आणि ज्या छायाचित्रांवर तुमची उपजीविका आहे किंवा ज्यांत ओळखू येणाऱ्या व्यक्ती आहेत, ती सरसकट मोकळी करू नयेत.

पायरी ५ : संग्रह कोणाच्या ताब्यात आहे, ते पाहा

ही पायरी नवे सदस्य हमखास गाळतात, आणि खरे तर सर्वाधिक विचार हिचाच व्हायला हवा. समजा, प्रत्येक नोंदीची मालकी सदस्यांकडे आहे. तरीही सर्व्हर, संकेतस्थळाचे नाव, बोधचिन्ह आणि माहितीसाठ्याची एकमेव पूर्ण प्रत चालकाकडे असेल, तर सदस्यांची मालकी कागदापुरती राहते. सार्वजनिक विहीर बांधायला सर्वांनी दगड वाहिले आणि राहाट मात्र एकाच्याच दाराशी बांधला, तसे हे होते.

सीडीडीबीचा इतिहास यासाठी प्रत्येकाने माहीत करून घ्यावा. १९९० च्या दशकात जगभरच्या संगीतप्रेमींनी आपल्याकडच्या सीडींवरील गाण्यांची नावे स्वतः टंकून या साठ्यात भरली. पुढे तो साठा व्यापारी कंपनीच्या हाती गेला, ग्रेसनोट या नावाने चालू लागला आणि त्याचा वापर परवान्याने बांधला गेला. आधी उपलब्ध असलेल्या प्रतीवरून फ्रीडीबी हा खुला साठा उभा राहिला, तर म्युझिकब्रेन्झ या प्रकल्पाने सगळी माहिती नव्याने गोळा करण्याचा लांबचा मार्ग धरला. म्युझिकब्रेन्झची मूळ माहिती आज सीसी झीरोखाली कोणालाही उतरवून घेता येते. तो प्रकल्प उद्या बंद पडला तरी सदस्यांचे श्रम वाया जाणार नाहीत, कारण दुसऱ्या कोणालाही तेथूनच पुढे सुरुवात करता येईल.

विकिट्रॅव्हलची कथा दुसरी बाजू दाखवते. २००३ मध्ये सुरू झालेले हे प्रवासमार्गदर्शक २००६ मध्ये एका कंपनीने विकत घेतले. लेखन मात्र श्रेय-समान वितरण परवान्याखाली होते. कालांतराने नाराज झालेल्या सदस्यांनी सर्व लेखनाची प्रत घेऊन विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया प्रतिष्ठानाकडे जाण्याचे ठरवले आणि जानेवारी २०१३ मध्ये विकिव्हॉयेज तेथे रीतसर सुरू झाले. जुने नाव त्यांना नेता आले नाही, ते कंपनीचेच राहिले, परंतु लेखन नेता आले. बाहेर पडण्याची ही वाट खुल्या परवान्याने ठेवली होती. परवाना बंदिस्त असता तर प्रत्येक लेखकाला गाठून परवानगी घ्यावी लागली असती.

तेव्हा संकेतस्थळावर ‘माहिती उतरवून घ्या’ अशी सोय आहे का, संपूर्ण साठ्याची प्रत ठरावीक काळाने प्रसिद्ध होते का, चालक एक व्यक्ती आहे, कंपनी आहे की नोंदणीकृत संस्था, आणि संकेतस्थळ बंद करण्यापूर्वी किती मुदत देणार हे कोठे लिहिले आहे का, हे चार प्रश्न विचारावेत. उत्तरे सापडली नाहीत तर चालकाला लेखी विचारावे. प्रामाणिक चालकाला अशा प्रश्नाचा राग येत नाही.

पायरी ६ : कोणी साहित्य उचलले तर

संकेतस्थळावर दिसते म्हणून ते कोणीही घ्यावे, असे होत नाही. सदस्याने चालकाला दिलेला परवाना चालकापुरता आणि त्याने रीतसर ज्यांना तो दिला त्यांच्यापुरता असतो. हैतीतील २०१० च्या भूकंपाची छायाचित्रे डॅनियल मोरेल या छायाचित्रकाराने ट्विटरद्वारे प्रसिद्ध केली होती. ती वृत्तसंस्थांनी घेतली आणि ट्विटरच्या अटींमुळे आपल्याला तसा हक्क मिळतो असा बचाव केला. न्यायालयाने तो मानला नाही, आणि २०१३ मध्ये ज्यूरीने मोरेल यांना १२ लाख डॉलरची भरपाई दिली.

तक्रार करताना क्रम पाळावा. आधी उचललेल्या पानाचे तारीख दिसेल असे चित्र घ्यावे, मग आपली मूळ, पूर्ण आकाराची फाइल हाताशी ठेवावी. साहित्य खुल्या परवान्याखाली असेल तर उचलणाऱ्याने श्रेय दिले आहे का, हे आधी तपासावे, कारण श्रेय दिले असेल आणि बाकीच्या अटी पाळल्या असतील तर तक्रारीला जागाच नाही. श्रेय नसेल तर प्रथम सौम्य शब्दांत ते मागावे, बहुतेक प्रकरणे येथेच मिटतात. मिटले नाही तर ज्या संकेतस्थळावर ते साहित्य आहे त्याच्याकडे हटवण्याची नोटीस पाठवावी. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात अशा नोटिशीची रीत घालून दिली आहे, आणि अनेक मोठी संकेतस्थळे इतर देशांतल्या तक्रारींसाठीही तीच वापरतात. ही नोटीस ज्याचा हक्क आहे त्याने किंवा त्याने अधिकार दिलेल्याने पाठवायची असते. केवळ परवाना घेतलेला चालक सदस्यांच्या वतीने आपोआप तक्रार करू शकत नाही.

पायरी ७ : सोडून जायचे असेल तर

खाते बंद करणे, साहित्य काढून टाकणे आणि परवाना संपणे या तीन वेगळ्या घटना आहेत. खाते बंद झाले तरी नोंदी राहू शकतात, नोंदी काढल्या तरी दिलेला परवाना संपतोच असे नाही. २०२४ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो या संगणक-प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीशी करार जाहीर केल्यावर काही सदस्यांनी आपली उत्तरे पुसण्याचा प्रयत्न केला, तेव्हा ती उत्तरे पुन्हा आणली गेली. श्रेय-समान वितरण परवान्याखाली एकदा दिलेले पुसून परत मिळत नाही. त्या सदस्यांची वेदना मला पूर्ण समजते, परंतु कायद्याने त्यांच्या हाती फारसे काही नव्हते.

वैयक्तिक माहितीची गोष्ट निराळी आहे. नाव, ईमेल, राहण्याचे ठिकाण यांवर प्रताधिकार चालत नाही, त्यांना खासगीपणाचे कायदे लागू होतात. युरोपीय संघात २०१८ पासून लागू झालेल्या नियमांनुसार काही परिस्थितींत अशी माहिती पुसण्याची आणि स्वतः दिलेली माहिती वापरण्याजोग्या स्वरूपात परत मिळवण्याची मागणी करता येते. म्हणून कित्येकदा लेखन तसेच राहते आणि त्यावरचे नाव तेवढे काढले जाते. मात्र नाव काढून घेतले की श्रेयही जाते, हे ध्यानात ठेवून मागणी करावी.

जाणे-राहणे काहीही असो, स्वतः दिलेल्या प्रत्येक छायाचित्राची मूळ फाइल आणि प्रत्येक लेखनाची प्रत स्वतःकडे असावी. याहूने सदस्यांची वैयक्तिक वेबपाने ठेवणारी जिओसिटीज ही सेवा २००९ मध्ये बंद केली, तेव्हा स्वयंसेवकांनी धावपळ करून पुष्कळ पाने वाचवली, तरी सगळी वाचली नाहीत.

हौसेने संकेतस्थळ चालवणाऱ्यांसाठी

अटी पहिल्याच दिवशी नीट लिहाव्यात, कारण नंतर परवाना बदलायचा तर प्रत्येक योगदात्याची संमती लागते. स्वयंसेवकांनी मिळून घडवलेला जगाचा नकाशा असलेल्या ओपनस्ट्रीटमॅपने हे पुरते अनुभवले आहे. तेथे नकाशाचा परवाना सप्टेंबर २०१२ मध्ये बदलला गेला, त्याआधी सदस्यांना एकेक करून विचारावे लागले, आणि ज्यांनी संमती दिली नाही किंवा जे सापडलेच नाहीत त्यांचे काम नकाशातून काढावे लागले. त्यांच्या आताच्या अटी मात्र अनुकरणीय आहेत. मालकी योगदात्याकडे राहते, प्रकल्पामागच्या प्रतिष्ठानाला फक्त परवाना मिळतो, आणि तो साठा खुल्या परवान्याखालीच देण्याचे बंधन प्रतिष्ठानावर आहे. नवा परवाना निवडायचा झाल्यास तोही खुला असावा लागतो, आणि सक्रिय योगदात्यांपैकी किमान दोन तृतीयांशांची संमती मिळवावी लागते. लहान संकेतस्थळाने एवढी सविस्तर व्यवस्था केली नाही तरी चालेल; पण सदस्यांकडून नेमके काय घेतो, कशासाठी घेतो, संकेतस्थळ विकल्यास किंवा बंद केल्यास त्याचे काय होईल, हे साध्या भाषेतल्या अर्ध्या पानात लिहून खाते उघडण्याच्या बटणाजवळ ठेवावे.